साहेब आत झोपलेत

बाईंच्या गाडीजवळ गेलं की सगळ्यात आधी बूट दिसायचे. गाडी नंतर, आणि बाई त्याच्याही नंतर. दहा नंबरचे, काळे, जाड तळव्यांचे, नाड्या सोडलेले बूट. गाडीच्या सरकत्या दाराखाली एक पायरी होती. तिच्याशेजारी ते असे ठेवलेले असत की बघणाऱ्याला वाटावं, कोणी धिप्पाड माणूस आत्ताच ते काढून आत आडवा झालाय, आणि त्याची झोपमोड केली तर तो उठून कानाखाली देईल.

आत कोणीही नसे. बाई एकट्या राहत.

हे मला माहीत होतं, कारण बूट घेताना मी सोबत होते. नंदुरबारच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात त्यांनी ढिगातून ते उपसून काढले, उलटे करून पाहिले आणि एकदम खूश झाल्या. डाव्या बुटाची टाच जास्त झिजलेली होती. दुसरं कोणी असतं तर तेवढ्यावरून भाव पाडून घेतला असता. बाई म्हणाल्या, "म्हणजे साहेबांचा उजवा गुडघा दुखतो. सगळा भार डाव्यावर टाकतात बिचारे."

त्या क्षणी, त्या ढिगासमोर, साहेब जन्माला आले. मी त्या बाळंतपणाची साक्षीदार. आणि पुढे याच साहेबांनी आम्हा दोघींना जवळजवळ मारलंच होतं. पण तिथे जायला वेळ आहे. आधी पडदा नीट वर जाऊ द्या.

तापीकाठच्या एका गावात आमची शाळा. मी तिथे मराठी शिकवते आणि गॅदरिंगची नाटकं बसवते. माझा आवाज देवाने चुकून दुसऱ्याच्या पार्सलमधला दिला आहे. फोनवर मला आजही लोक "बोला सर" म्हणतात. त्यामुळे नाटकात राजा, पोलीस, राक्षस यांपैकी जो मुलगा आयत्या वेळी तापाने झोपेल, त्याचं काम विंगेतून मी करते. बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही. अख्खी नोकरी भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, आणि निवृत्त झाल्या त्या साली एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडीही निवृत्त झाली. बाईंनी ती घेतली. वर पांढरा रंग मारला, पण उन्हात तिरकं पाहिलं की 'शालेय वाहन' ही अक्षरं खालून डोकवायचीच.

"आयुष्यभर नर्मदा छडीने दाखवली गं," त्या म्हणाल्या. "आता जाऊन भेटते तिला."

जग बघायला जा, असं आम्ही सुचवलं. त्या म्हणाल्या, जिल्हा सोडणार नाही. "काश्मीरला जाऊन आलेल्या माणसाला विचार, तुझ्या गावचा नाला कुठे उगम पावतो. तोंड बघत राहील." आणि खरंच, त्या चिंचपाड्याच्या पलीकडे गुजरातची पाटी दिसली की गाडी वळवायच्या.

मागच्या जागा काढून पलंग, त्याखाली पेट्या, एक ओटा, आणि खिडक्यांना पडदे म्हणून शाळेने टाकून दिलेले भिंतीवरचे नकाशे. ड्रायव्हरच्या मागे दक्षिण अमेरिका. पलंगाच्या बाजूला भारताची पिके. आणि मागच्या मोठ्या काचेला, तोंड बाहेर करून, आपल्या जिल्ह्याचा नकाशा. जिथे मुक्काम सुखाचा झाला, पाणी गोड मिळालं, रात्र निवांत गेली, त्या गावावर बाई लाल पेन्सिलीने फुली मारायच्या. हा नकाशा आणि या फुल्या नीट लक्षात ठेवा. मी उगाच सांगत नाही.

आता सुरक्षितता. बाईंसमोर हा शब्द कोणी उच्चारला तर तासाची घंटा होईपर्यंत सुटका नसे.

पहिला नियम, गाडीचं तोंड रस्त्याकडे. "पळायची वेळ आली तर रिव्हर्स टाकत बसायचं का?" हा नियम पेट्रोल पंपावरही पाळला जाई. माझ्या भाच्याच्या लग्नात, शहाद्याला, त्या गाडी उलटी घेत मंडपाच्या कमानीतून आत आल्या, तेव्हा बँडवाले जीव मुठीत धरून पांगले आणि नवरदेवाच्या घोड्याने आयुष्यात पहिल्यांदा दोन पायांवर उभं राहून दाखवलं.

दुसरा, ऊन कलायच्या आत जागा ठरली पाहिजे. नाल्यात नाही, वाळू कितीही मऊ दिसली तरी. पाऊस डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो, तेव्हा आभाळ निळंच असतं. मोहाच्या झाडाखाली नाही, कारण डोंगरात प्रत्येक मोहाला मालक असतो, आणि फुलं पडायच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन आलेल्या बाईला तिच्या झाडाखाली तुमची चाकं दिसली तर ती बोलते, आणि बरोबर बोलते.

तिसरा, शेगडी आत पेटवायची नाही. तोरणमाळच्या थंडीत माझे दात वाजत होते, तरी त्यांनी ती बाहेरच ठेवली आणि खिडकीची काच बोटभर उघडी. "चोर आला तर आपण ओरडू तरी. बंद गाडीतला धूर ओरडूसुद्धा देत नाही. गुपचूप झोपवतो."

दाराला आतून स्टीलच्या थाळ्यांचा मनोरा टेकवलेला. कोणी दार सरकवलं की तो कोसळायचा. वारा आला, म्हैस अंग घासून गेली, तरी कोसळायचा. गळ्यात किल्ली आणि शिट्टी एकाच दोरीत. उशाशी गुलाबाचं चित्र असलेला पावडरचा डबा, त्यात नंदुरबारची मिरची, बारीक दळलेली. त्या डब्याच्या वाटेला मी एकदाच गेले. त्याचं वर्णन करत नाही.

आणि गावात शिरल्यावर सगळ्यात आधी, बाडबिस्तरा मांडायच्या आत, जवळच्या घरी जाऊन पाणी मागायचं. गाडीत पाण्याची टाकी भरलेली असली तरी. मी एकदा विचारलं, तहान नसताना कशाला?

"तहान माझी नाही गं. त्यांना माझं तोंड बघायचं असतं. बिनतोंडाच्या गाडीवर कोणीही दगड मारेल."

हा नियम त्यांनी पाठ केला होता, पाळलाही होता. पण त्यांचा जास्त भरवसा होता साहेबांवर.

साहेब ही बाईंची खरी कलाकृती. मी इतकी नाटकं बसवली, पण असं पात्र मला उभं करता आलं नाही. साहेबांना रक्तदाब. साहेबांना मीठ कमी. साहेब मोठे अधिकारी होते. कोणत्या खात्यात, ते बाई कधीच सांगत नसत. "खातं सांगितलं की लोकांना उपाय सापडतो. नुसतं अधिकारी म्हटलं की घाबरतात." पावसाळ्यात त्या बुटांना चिखल लावायच्या, रविवारी पॉलिश करायच्या. टपरीवर जाऊन दोन चहा मागायच्या, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा, साहेबांसाठी. मग गाडीमागे जाऊन दोन्ही स्वतः प्यायच्या. बिनसाखरेचा पिताना त्यांचं तोंड एरंडेल घेतलेल्या पोरासारखं व्हायचं. तरी ओतून द्यायच्या नाहीत. कोणी पाहिलं तर?

कोणी गाडीभोवती घुटमळलं की बाई ओठांवर बोट ठेवत आणि आपल्या अहिराणीत सांगत, "साहेब मझार झोपेल शेतस. हळू बोला."

साहेब आत झोपलेत. सपाटीवरच्या गावांत या एका वाक्याने काम होई. ढाब्यावरचा दारुडा, वाळूच्या ट्रकवाले, चौकशा करणारे उपटसुंभ, सगळे एक पाऊल मागे सरकत. अधिकारी म्हणजे भानगड, आणि भानगड झोपलेलीच बरी.

डोंगरातला हिशेब मात्र वेगळा, हे बाईंना कळायला हवं होतं. नर्मदेच्या धरणात बुडालेल्या मणिबेलीला त्या होडीने जाऊन आल्या होत्या.  परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "नकाशात मी ज्या ठिपक्यावर छडी ठेवायचे ना, त्याच्यावर आता होडी चालते." आधी नकाशा घेऊन साहेब आले, मग मोजणी झाली, मग पाणी आलं. त्या काठावरच्या कोणत्याही म्हातारीला विचारा, ती याच क्रमाने सांगते. बाईंनी ते ऐकलं, डोळे पुसले, आणि परत येऊन नकाशा पुन्हा मागच्या काचेला लावला. तोंड बाहेर. बुटांना पॉलिश केलं. माणसाची अक्कल आणि माणसाची सवय एकाच घरात राहतात, पण बोलत नाहीत.

तर आता तो बाजार.

हिवाळ्यातली सुट्टी होती, मी दोन दिवस बाईंबरोबर गेले होते. सातपुड्याच्या आतलं एक गाव, आठवडी बाजाराचं. बाईंचा तिथला मुक्काम नेहमीचा. बाजाराच्या मैदानाच्या कडेला ओलीबाईचं घर. पन्नाशीची, उंच, हातभर चांदीची कडी, डोंगरातल्या लोकांसारखी सगळ्यांना 'तू' म्हणणारी. देवालाही आणि कलेक्टरलाही. बाईंनी तिच्याकडे पाणी मागितलं, लोटाभर प्यायल्या, गाडी तोंड रस्त्याकडे करून लावली, बूट मांडले.

दुपारपर्यंत बाजार इतका भरला की रस्त्याकडे केलेल्या तोंडापुढे मिरच्यांचे ढीग, बकऱ्या आणि एक अख्खी बैलजोडी येऊन बसली. पळायची वाट शास्त्रोक्त होती, फक्त बंद होती.

त्या दिवसांत त्या भागात एक बातमी फिरत होती. नाल्यापलीकडची जमीन जाणार. कोणी म्हणे तलावासाठी, कोणी म्हणे रस्त्यासाठी, कोणी म्हणे वाघासाठी. आम्हाला याचा पत्ता नव्हता. आम्ही गाडीत बसून भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होतो, आणि मागच्या काचेबाहेर कॉलेजातला एक तरुण, लाल टी-शर्टवाला, मोबाईलवर नकाशाचा फोटो काढत होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच जाणवलं की बाजाराचा आवाज बदलला. भाव करणारे आवाज एकेक करून थांबत गेले. बाजार गप्प होतो तेव्हा कसं वाटतं ठाऊक आहे? नाटक चालू असताना दिवे जातात, तसं.

मग पत्र्यावर थाप पडली.

"मॅडम," तो टी-शर्टवाला. आश्रमशाळेतली स्वच्छ मराठी. "साहेबांना बाहेर काढा."

बाईंनी दक्षिण अमेरिका बोटभर सरकवली. "साहेब मझार झोपेल शेतस. हळू बोल."

"उठवा. नकाशावर आमच्या गावावर फुली कशाला मारली, ते त्यांनी सांगावं."

मी भारताच्या पिकांआडून पाहिलं. गाडीला सगळीकडून माणसं. पुरुष, बाया, काठ्या, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. ती लाकडं तोडायलाच आणली असेल, बाजारात बरेच जण आणतात, पण त्या क्षणी मला ती लाकडांसाठी वाटली नाही.

"बाई, सांगा ना त्यांना," मी कुजबुजले. "कोणी साहेब नाही म्हणून."

बाई माझ्याकडे वळल्या. शाळेत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "आणि मग?" त्या म्हणाल्या. "एकदा कळलं की एकटी आहे, की या डोंगरापासून तापीपर्यंत सगळ्यांना कळतं. आज हे लोक जातील. उद्याचा ढाब्यावरचा कोण? परवाचा ट्रकवाला कोण? मला खोली नाही गं दुसरी. हाई मन्हं घर शे."

बाहेर कोणीतरी गाडी हलवली. एकदा, दोनदा. थाळ्यांचा मनोरा असा कोसळला की आमच्याच काळजात दरोडा पडला. पत्र्यावर आता एक हात नव्हता, दहा होते. आणि मग, वाचकहो, तुमच्या या लेखिकेने आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रवेश घेतला.

मला वाटलं, विंगेतला राजा बनायची वेळ आलीय. मी छाती भरली आणि पडद्याआडून गरजले, "कोण आहे रे तिकडे! झोपू देत नाहीत!"

शांतता. मी विजयाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाळाला हात लावला होता.

"आहे!" बाहेरून कोणीतरी ओरडलं. "आहे आत! बोलला!"

आणि जे सुरू झालं ते सांगायला माझ्याकडे आवाज कमी पडतो. मघापर्यंत त्यांना संशय होता, मी तो खरा करून दिला होता. गाडी होडीसारखी डुलायला लागली. खालून फुस्स असा लांबलचक आवाज आला आणि आमची एक बाजू हळूहळू खाली बसली. टायर. बाईंनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती फुंकून बोलवायचं कोणाला? बोलवायचं ते सगळे आलेलेच होते.

त्या कल्लोळात एक ओळखीचा आवाज दाराशी आला. "ओ बाई. मी ओली. दार उघड."

बाई हलल्या नाहीत. ओलीबाई मग पायरीवर चढली, पाठ आमच्याकडे, तोंड गर्दीकडे, आणि आपल्या बोलीत बोलायला लागली. मला ती अर्धीमुर्धी समजते. ती सांगत होती: साहेब बिहेब कोणी नाही, ही बाई एकटीच आहे, मी पहिल्या खेपेपासून बघतेय.

"कानाने ऐकला ना!" टी-शर्टवाला. "आत्ता बोलला!"

"होय, होय, बोलला!" सगळे.

 ओलीबाईलाही तो आवाज ऐकू आला होता. ती मान वळवून दाराकडे बघायला लागली, आणि मी पाहिलं, तिच्याही डोळ्यांत शंका उतरत होती. आमच्या बाजूचं एकुलतं एक माणूस, आणि माझा आवाज तेही घेऊन चालला होता.

गाडी पुन्हा हलली. ओलीबाईने पडू नये म्हणून दाराची कड धरली. बाईंनी ते पाहिलं. काचेच्या पलीकडे तिच्या कडी घातलेल्या हाताची बोटं, पांढरी पडलेली. बाईंनी गळ्यातली दोरी डोक्यातून काढली. इतक्या वर्षांत आंघोळीलाही ती निघाली नव्हती. कुलूप उघडलं, आणि दार सरकवलं.

"या," त्या गर्दीला म्हणाल्या. "बघा. मी एकटी राहते."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं असावं.

टी-शर्टवाला आत शिरला. पलंगाखाली वाकला, पेट्या ओढल्या, मिरचीचा डबा उघडून शिंकला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "साहेब कुठे लपवला?"

"मीच साहेब," मी म्हणाले.

कोणी हसलंसुद्धा नाही. त्यांच्यासमोर मी, एक मास्तरीण, साडीतली, चष्म्यातली, हातात अर्धी भाकरी धरलेली.

"मग बोल," तो म्हणाला. "बोल तसं."

मी तोंड उघडलं. आणि घशातून उंदीर निघाला. चीं. माझा तो खर्ज, जो देवाच्या आरतीलाही माझं ऐकत नाही, जो फोनवर माझी लाज काढतो, तो नेमका त्या क्षणी मला सोडून गेला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा चीं. पहिली रांग एक पाऊल पुढे आली. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ओझं झालं म्हणून असेल.

"बोल ना वं!" बाई ओरडल्या. "आते काय व्हयनं तुले!"

माझी नजर खाली गेली. पायरीशी बूट होते. का ते माहीत नाही, मी चपला काढल्या आणि पाय त्यांत घातले. दोन्ही पाय मावतील एवढा एकेक बूट. उजवा गुडघा आपोआप वाकला, भार डाव्यावर गेला. पाठ ताठ झाली. आणि पोटाच्या तळातून साहेब आले.

"कोण आहे रे तिकडे! झोपू देत नाहीत!"

पहिली रांग दोन पावलं मागे गेली. एक बकरी दावं तोडून पळाली.

मग ओलीबाई हसली. आधी नाकातून, मग खांद्यांनी, मग मोठ्याने, पायरीवर बसून, मांडीवर हात मारत. तिचं हसणं मागच्या बायांना लागलं, त्यांच्याकडून पुढच्यांना. कुऱ्हाडवाला सगळ्यात शेवटी हसला, पण सगळ्यात जास्त वेळ. "पुन्हा बोल," कोणीतरी म्हणालं. मी पुन्हा बोलले. मिरचीवाल्यांसाठी वेगळा प्रयोग झाला, बैलवाल्यांसाठी वेगळा.  

टी-शर्टवाला मात्र हसत नव्हता. तो नकाशापाशी उभा होता. "आणि फुली?"

बाईंनी नकाशा काढून बोनेटवर पसरला. वर्गातला आवाज लागला. "इथे मी झोपले. कोणी काडीला हात लावला नाही. पाणी गोड. म्हणून ही खूण. चांगलं गाव."

"चांगलं, तर लाल फुली का?" तो म्हणाला. "आमचे सर चुकलं की लाल फुली मारायचे."

बाईंनी नकाशाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा नकाशाकडे.  त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि ती त्याच्या हातात दिली. "शाळेत दे. बरोबरच्या खुणा करून."

टायरमध्ये हवा भरायला सायकलचा पंप आला. ज्यांनी हवा सोडली होती त्यांनीच ती आळीपाळीने भरली, घाम गाळत, एकमेकांना शिव्या देत. बाई ओलीबाईच्या अंगणात बसल्या होत्या. त्या सुटल्या होत्या, पण खूश नव्हत्या. कलाकार होत्या त्या, दुखावल्या होत्या.

"पहिल्या खेपेपासून?" त्यांनी विचारलं. "कशावरून?"

ओलीबाई भाकरी थापत होती. "तू पानी मागाया येते. एक लोटा पिते. जाते. साहेबाला एक लोटा नाही मागत." तिने भाकरी उलटली. "मन्ह्या घरात तसं केलं तर नवरा घर डोक्यावर घेईल. आन कपडे? तुझेच वाळतात. साहेब काय उघडा झोपते?"

बाईंचा चेहरा असा झाला, जणू बोर्डाच्या पेपरात नर्मदा चुकली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुला भीव वाटते, म्हनून तू माणूस ठेवला. आम्ही कुत्रं ठेवतो."

बाई त्यावर हसल्या नाहीत. त्यांनी ओलीबाईच्या हातून लोटा घेतला, प्यायल्या, आणि रिकामा लोटा परत देताना जरा जास्त वेळ धरून ठेवला.  परतीच्या वाटेवर मला वाटलं, साहेब मेले. आता बाई गाडी विकतील, पुतणीकडे राहायला जातील, टीव्हीसमोर बसून संध्याकाळी साडेसातची मालिका बघतील.

पुढच्या हिवाळ्यात मी त्या बाजारात पुन्हा गेले, एसटीने. मैदानाच्या कडेला गाडी उभी होती. तोंड रस्त्याकडे. मागच्या काचेवर फुलाफुलांचं साधं कापड. मी चालायला लागले, तर मिरचीच्या ढिगाआडून एक हात आडवा आला. लाल टी-शर्ट आता निळा झाला होता, पण चेहरा तोच. मागच्या वर्षी पलंगाखाली वाकून साहेब शोधणारा.

"मॅडम, हळू," तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "साहेब झोपलेत. फार तापट आहेत."

त्याच्या मागे सपाटीवरून मिरची भरायला आलेले दोन टेम्पोवाले उभे होते. त्यांच्यासाठी होतं ते.

पायरीशी बूट होते, ताजं पॉलिश केलेले. गाडी आणि ओलीबाईचं अंगण यांच्यामध्ये दोरी बांधलेली, आणि तिच्यावर बाईंच्या साड्यांशेजारी एक ढगळ पांढरा सदरा पाणी गाळत वाळत होता. ओलीबाईच्या नवऱ्याचा. ओलीबाई स्वतः त्याच्या बाह्या झटकत होती, आणि टेम्पोवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होती, "लई मळवते हा साहेब. लई." दारापाशी दोन लोटे भरून ठेवलेले होते. एक बाईंसाठी. दुसरा बुटांजवळ.

मी आत शिरले. थाळ्या कोसळल्या. बाईंनी मिठी मारली आणि तोंडावर बोट ठेवलं, कारण टेम्पोवाल्यांपैकी एक जण गाडीभोवती फिरत होता, काचेला डोळा लावायच्या बेतात.

"साहेब," बाहेरून ओलीबाई ओरडली, "उठला का? चहा पाहिजे का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दारातून हात बाहेर काढून मी बूट आत ओढले, पायांत चढवले आणि छाती भरली.

"आण! बिनसाखरेचा!"

काचेबाहेरची सावली गेली. टेम्पो कुठेतरी घाईने सुरू झाला. थोड्या वेळाने टपरीवरून खरोखरच पेला आला, काळाकुट्ट, वाफाळता, साखरेचा कण नसलेला. मी तो बाईंपुढे केला. त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

"तूच पे," त्या म्हणाल्या. "आज साहेब तू शे."